घरांतील खर्जाची पेटी

तंबोऱ्याची चौथी तार, डग्ग्यावर मनगट दाबून काढलेला घुमारा, पखवाजाच्या कणीक लावलेल्या बाजूवरील थाप, चित्रपटांतील मेघगर्जना, हे सर्व एकाच कुळांतले ध्वनि होत. कानांस ते जितके ऐकूं येतात, तितकेच छातीला जाणवतात. ते घरांत यथायोग्य उमटावे म्हणून हल्लींच्या ध्वनिसंचांत एक निराळी चौकोनी पेटी असते. तिला सबवूफर म्हणतात. मराठींत तिला अद्याप रूढ नांव नाहीं. ‘खर्जाची पेटी’ म्हटल्यास अर्थ चुकणार नाहीं. ही पेटी बहुधा दिवाणखान्याच्या एखाद्या कोपऱ्यांत धूळ खात बसलेली असते, आणि तिच्यावर फुलदाणी ठेवण्याचाहि प्रघात आहे. पुढें केव्हां तरी ती घरघर करूं लागते, नाहीं तर एकाएकीं मुकी होते. आणि मग घरांत एकच प्रश्न निघतो, दुरुस्त करावी कीं भंगारांत द्यावी?

त्यापूर्वीं दुसरा एक प्रश्न विचारावयास हवा, आणि नेमका तोच विचारला जात नाहीं. दोष पेटींत आहे, तारेंत आहे, कीं घरांत आहे? पुष्कळ ठिकाणीं असें घडतें कीं, पेटी घुमते म्हणून ती टाकून दिली जाते, दुप्पट किंमतीची नवी आणली जाते, आणि ती त्याच कोपऱ्यांत ठेवल्यावर तशीच घुमते. दुकानदार मग तिच्याहून मोठी सुचवितो. वास्तविक घुमत असते ती खोली. पेटी बिचारी निमित्तमात्र.

ह्याचें कारण आंकड्यांत पाहिल्यास लवकर उमगतें. हवेंत ध्वनि सेकंदास सुमारें ३४३ मीटर धांवतो. सेकंदास १००० कंपनें असलेल्या स्वराची एक लाट त्या हिशेबानें ३४ सेंटिमीटर लांब, म्हणजे वीतदीड वीत भरते. परंतु ४० कंपनांच्या स्वराची लाट साडेआठ मीटर लांब असते. शहरांतील सामान्य दिवाणखाना सव्वाचार मीटर लांब धरला, तर तींत ही लाट निम्मीच मावते. समोरासमोरच्या दोन भिंतींवर आपटून ती स्वतःच्याच अंगावर परत येते, आणि खोलींत एक स्थिर लाट उभी राहते. भिंतीजवळ ४० कंपनांचा स्वर दुणावलेला, खोलीच्या मध्यावर जवळजवळ नाहींसा. एकाच घरांत खिडकीपाशीं बसलेल्या आजोबांना डग्गा असह्य वाटतो आणि मध्यें सतरंजीवर बसलेल्या नातवाला तो ऐकूंच येत नाहीं, ह्यांत दोघांचेंहि खरें असूं शकतें.

खोलीची रुंदी ३ मीटर असेल, तर तिचा असा स्वर सुमारें ५७ कंपनांवर पडतो, उंची २.९ मीटर असेल, तर ५९ वर. दोन मापें इतकीं जवळ आलीं कीं तेथील घुमारा एकमेकांत मिसळून वाढतो. शिवाय आपल्याकडील विटांच्या व काँक्रीटच्या भिंती खालचा ध्वनि फारसा शोषीत नाहींत, तो परत फेकतात. लांकडी सांगाडा व पातळ तक्ते असलेल्या घरांत कांहीं खर्ज भिंतींतून निसटून जातो. त्यामुळें परदेशी पुस्तिकेंत लिहिलेली मांडणी येथील पक्क्या घरांत तशीच्या तशी वठत नाहीं.

आतां पेटीच्या दुखण्यांकडे. तीं मुख्यतः तीन प्रकारचीं : गुंजन, खरखर आणि मौन.

गाणें चालू नसतांनाहि पेटींतून अखंड ‘हूं’ असा नाद येत असेल, तर संच बंद करून अॅम्प्लिफायरकडून आलेली तार पेटीपासून सोडवावी आणि पेटी एकटीच चालू करावी. नाद थांबला, तर पेटी निरोगी आहे. रोग बाहेरून येत आहे. असा रोग बहुधा टेलिव्हिजनच्या केबलमधून शिरतो. ती केबल इमारतीच्या गच्चीवरून किंवा शेजारून जमिनीशीं जोडलेली असते, घरांतील संच भिंतीवरील प्लगांतून जोडलेला असतो, आणि ह्या दोन जमिनींतील अल्पसा दाबफरक ध्वनीच्या तारेंतून वाहूं लागतो. केबल क्षणभर उपटून पाहिली कीं खात्री पटते. सर्व यंत्रें एकाच प्लगपट्टीवर घेतल्यानें पुष्कळदां काम भागतें; न भागल्यास त्या तारेंत विलगक ट्रान्सफॉर्मर घालावा. प्लगची तिसरी, जाड पिन कापून टाकण्याचा एक उपाय कांहीं कारागीर सुचवितात. नाद त्यानें थांबतोहि. परंतु ती पिन मनुष्याच्या जिवासाठीं आहे. ती कापूं नये व कोणास कापूं देऊं नये.

तार काढल्यावरहि नाद राहिला, तर मात्र दुखणें पेटीच्या आंतील वीजपुरवठ्यांत आहे. ज्यांचा कान तयार आहे त्यांना भेद ऐकूनहि कळेल. आपली वीज सेकंदास ५० आवर्तनांची. बाहेरून शिरलेला नाद बहुधा त्याच स्वराचा असतो. आंतील कंडेन्सर निकामी झाल्यानें उठणारा नाद १०० चा, म्हणजे बरोबर वरच्या सप्तकांतला.

खरखरीचें निदान ह्याहून सोपें, पण तेथेंहि घाई नको. खालच्या स्वरानें कपाटाच्या कांचा, भिंतीवरील तसबिरी, देवघरांतील समयीची चकती, हीं सर्व थरथरतात, आणि आवाज पेटींतून आल्याचा भास होतो. एकानें तोच स्वर लावून ठेवावा व दुसऱ्यानें खोलींतील वस्तूंवर एकेक करून हात ठेवीत फिरावें. ज्या वस्तूवर हात पडतांच खरखर थांबेल, ती गुन्हेगार. घरांत सर्वत्र शोध होऊनहि खरखर उरली, तर संच बंद करून पेटीचें पुढील कापड काढावें, दोन्ही हातांचीं बोटें शंकूवर सारख्या अंतरावर पसरावीं आणि तो हलकेच सरळ आंत दाबावा. तो लोण्यासारखा गेला पाहिजे. आंत कागद घासल्यासारखा आवाज आला, तर तारेचें वेटोळें चुंबकाच्या फटींत घासत आहे.

मौनाच्या बाबतींत प्रथम फ्यूज पाहावा. दुसरी गोष्ट पुष्कळांच्या ध्यानींमनीं नसते. अनेक पेट्यांवर ‘ऑटो’ नांवाची खूण असलेलें बटण असतें. ध्वनि येऊं लागला कीं पेटी आपोआप जागी होते, आणि कांहीं वेळ आला नाहीं कीं निजते. रात्रीं हळू आवाजांत भजन लावलें, तर येणारा संकेत तिला जागें करण्यास पुरत नाहीं. आणि सकाळीं कारागिराला बोलावणें जातें. बटण ‘ऑन’वर सरकविलें कीं हें दुखणें बरें होतें.

तरीहि पेटी मुकीच राहिली, तर शंकु बिघडला कीं अॅम्प्लिफायर, हें मल्टिमीटरनें पांच मिनिटांत ठरतें. प्लग काढून, पेटीच्या पुढील बाजूनें स्क्रू सोडवून शंकु बाहेर घ्यावा आणि त्याच्या दोनहि तारा सोडाव्या. ४ ओहमचा शंकु मीटरवर तीन-साडेतीन ओहम दाखवितो, ८ ओहमचा सहा-सात. मीटर अनंताकडे गेला, तर वेटोळें जळलें किंवा तुटलें. मीटर नसल्यास घड्याळाचा दीड व्होल्टचा सेल दोन टोकांस क्षणभर टेकवावा. जिवंत शंकु ‘धप्’ असा आवाज करून हलतो. धन टोंक धनास लावल्यास बहुधा पुढें येतो. ही दुसरी गोष्ट लक्षांत ठेवावी, पुढें जुळणीच्या वेळीं तिचा उपयोग आहे.

शंकूच्या रोगांत सर्वांत अधिक आढळणारा रोग म्हणजे कांठाचें कुजणें. शंकु व लोखंडी सांगाडा ह्यांना जोडणारी एक अर्धगोल, लवचीक पट्टी सभोंवार असते. ती रबराची असेल, तर पुष्कळ वर्षें टिकते. परंतु फोमची असेल, तर हवेंतील दमटपणा व ऊन ह्यांनीं तिची साखळी तुटत जाते, आणि दहा-वीस वर्षांत ती शिळ्या भाकरीप्रमाणें बोटाखालीं चुरते. मुंबई, रत्नागिरी, पणजी अशा खाऱ्या दमट हवेंत ती अवधि गांठण्यापूर्वींच हात टेकते. पेटी कमी वापरली म्हणून पट्टी वांचत नाहीं. कपाटांत बंद ठेवलेलीहि कुजते. ह्याचा अर्थ शंकु मेला असा मुळींच नव्हे. वेटोळें, चुंबक, शंकु हे सर्व धडधाकट असतात. फाटलेला असतो तो केवळ काठ. एवढ्यावरून पेटी भंगारांत देणें म्हणजे कांठ उसवला म्हणून पैठणी पोतेऱ्याला लावण्यासारखें आहे.

नवी पट्टी बाजारांत मिळते. मुंबईस डॉ. दादासाहेब भडकमकर मार्गावर, ज्याला लोक अद्याप लॅमिंग्टन रोडच म्हणतात, आणि पुण्यास बुधवार पेठेंतील तपकीर गल्लींत, ह्या सामानाचे जाणते बसलेले आहेत. दहा इंचांचा शंकु म्हणून दहा इंचांची पट्टी द्या, एवढें सांगून मात्र भागत नाहीं. सांगाड्याचा व्यास, शंकूचा बाहेरील व्यास आणि अर्धगोलाची रुंदी, हीं तीन मापें कागदावर नेलीं पाहिजेत. जुना गोंद धीरानें खरवडून काढणें हें ह्या कामांतील खरें कष्टाचें अंग. तेथें आळस केला कीं नवी पट्टी वांकडी बसते. प्रथम पट्टी शंकूला चिकटवावी व वाळूं द्यावी. मग सांगाड्याला चिकटवितांना शंकु फटींत अगदीं मध्यावर राहिला पाहिजे. त्यासाठीं वीस-तीस कंपनांचा स्वर अगदीं हळू लावून, घासल्याचा आवाज ज्या स्थितींत येत नाहीं त्या स्थितींत पट्टी दाबून बसविण्याची पद्धति चांगली आहे. अर्थात् येथें शंकु बाहेरील एखाद्या लहान अॅम्प्लिफायरला जोडावा. गोंद वाळूनहि लवचीक राहणारा हवा, आणि त्याला पुरे चोवीस तास द्यावे. चटकन् चिकटणारा कडक गोंद, सुताराचा पांढरा गोंद, त्यावर धोतराच्या फडक्याची पट्टी, हे सर्व घरगुती उपाय करून पाहिलेले आढळतात. त्यांनीं कांठ ताठरतो, शंकूचा स्वाभाविक स्वर वर चढतो, आणि ज्या खर्जासाठीं पेटी घेतली तोच हरवतो.

अॅम्प्लिफायरची हकीकत वेगळी आहे. तो पेटीच्या पाठीवर पत्र्याला जोडलेला असतो. म्हणजे एकीकडून कोंडलेली उष्णता आणि दुसरीकडून अहोरात्र धक्के, अशा संसारांत त्याचें आयुष्य जातें. कंडेन्सरांतील द्रव हळूहळू सुकतो. स्थूल नियम असा आहे कीं, उष्णता १० अंशांनीं उतरली कीं कंडेन्सरचें आयुष्य दुप्पट होतें. ह्यावरून ती चढल्यास काय होत असेल तें उघड आहे. डोकें फुगलेला कंडेन्सर डोळ्यांस दिसतो, परंतु सुकलेला बाहेरून शहाजोग दिसतो, म्हणून केवळ पाहून निवाडा करूं नये. धक्क्यांनीं सोल्डरचे टांके तडकतात. जड भाग हलूं नयेत म्हणून कारखान्यांत ओतलेला पिवळा गोंद कालांतरानें तपकिरी होतो, वीज वाहूं लागतो व शेजारचीं पायें खातो. जाणता कारागीर हा गोंद प्रथम काढतो; नुसता एक फ्यूज बदलून देणाऱ्याकडून यंत्र परत घेण्यापूर्वीं चार शब्द विचारावे. नवा कंडेन्सर त्याच क्षमतेचा, तितक्याच किंवा अधिक व्होल्टांचा आणि १०५ अंशांचा शिक्का असलेला असावा.

हें काम मात्र हौसेनें घरीं करण्याचें नव्हे. २३० व्होल्टांची वीज सरळ केली म्हणजे कंडेन्सरवर सुमारें ३२५ व्होल्टांचा दाब चढतो, आणि प्लग काढल्यावरहि तो कांहीं काळ तेथें दबा धरून बसतो. शंकूचा कांठ घरीं बदलावा. पाठीवरील पत्रा जाणत्यानेंच उघडावा. त्या अॅम्प्लिफायरचे भाग मिळेनासे झाले असतील, तर तो काढून त्याच्या भोकावर लांकडी फळी हवाबंद बसवावी व पेटी बाहेरील स्वतंत्र अॅम्प्लिफायरवर चालवावी. दिसण्यांत थोडें ओबडधोबड, पण वागण्यांत उत्तम. उलट जळलेल्या शंकूच्या जागीं तेवढ्याच व्यासाचा कोणताहि शंकु बसविणें फसवें आहे. ऑस्ट्रेलियांत नेव्हिल थील ह्यांनीं १९६१ सालीं आणि पुढें रिचर्ड स्मॉल ह्यांनीं १९७० नंतरच्या वर्षांत गणितानें दाखवून दिलें कीं, शंकूचें वजन, कांठाचा ताण, चुंबकाचें बळ आणि पेटींतील हवा हें सर्व मिळून एकच यंत्र होतें. मृदंगाला तबल्याची पुडी चालत नाहीं, तोच हा प्रकार. त्यापेक्षां जुन्याच सांगाड्यावर नवें वेटोळें बसवून घेणें बरें.

पेटी बरी होऊन घरीं आली कीं निम्में काम झालें. पुन्हा तिला त्याच जुन्या कोपऱ्यांत लोटलें, तर सर्व खटपट व्यर्थ. जागा शोधण्याची एक युक्ति फार जुनी व खात्रीची आहे. तींत घरच्या प्रौढ मंडळींची थोडी शोभा होते, एवढाच दोष. जेथें बसून गाणें ऐकावयाचें त्या खुर्चीवर किंवा तिच्या जागीं पेटी ठेवावी आणि खालचे स्वर सावकाश चढत-उतरत जातील असें कांहीं लावावें. मग स्वतः भिंतीच्या कडेकडेनें, कान पेटीच्या उंचीवर येईल इतके वांकून, शक्य तर रांगत फिरावें. कोठें ध्वनि फुगतो, कोठें बुडतो. जेथें तो सर्वांत समतोल वाटेल, तेथें खूण करावी. पेटी तेथें नेली म्हणजे खुर्चीवर तसाच समतोल ध्वनि मिळतो. ऐकणारा व बोलणारा ह्यांच्या जागांची अदलाबदल केली तरी मधला मार्ग तोच राहतो, ह्या तत्त्वावर ही युक्ति उभी आहे.

नंतर वांटणी. कोणत्या स्वरापर्यंत पेटीनें बोलावें व कोठून पुढें मुख्य स्पीकरांनीं? साधारण ८० कंपनांच्या खालीं ध्वनि कोणत्या दिशेनें आला हें कानास नीट उमगत नाहीं. म्हणून ही वांटणी तेथें करण्याचा रिवाज पडला. मुख्य स्पीकर मुठीएवढे असतील, तर तीन-चार पायऱ्या वर, १२० पर्यंत जावें लागतें; परंतु तेव्हां पेटी समोर, त्यांच्याजवळ ठेवावी, नाहीं तर गायक पुढें व डग्गा पाठीमागें असा चमत्कार होतो. येथें एक चूक घरोघर दिसते. मुख्य यंत्र वांटणी करीत असतां पेटीवरील बटणहि ८० वर ठेवलेलें असतें. एकाच चाळणीनें दोनदां चाळल्यामुळें मधले स्वर गळून जातात. मुख्य यंत्र वांटणी करीत असेल, तर पेटीचें बटण पार वरच्या टोंकास न्यावें.

दुसरें लहान बटण ० आणि १८० ह्या दोन आंकड्यांचें. पेटीचा शंकु पुढें येतो त्याच क्षणीं मुख्य स्पीकरांचेहि पुढें आले पाहिजेत. उलटसुलट झाले, तर वांटणीच्या स्वरावर ते एकमेकांचें काम खातात. ८० चा स्वर लावून, एकानें खुर्चीवर बसावें व दुसऱ्यानें बटण खालींवर करावें. ज्या बाजूस आवाज मोठा, ती बाजू खरी. दुरुस्तींत शंकूच्या तारा उलट जोडल्या गेल्या असल्यास येथेंच चोरी पकडली जाते, आणि सेलची ती परीक्षा आठवते.

राहिली आवाजाची पातळी. अमेरिकेंत बेल प्रयोगशाळेंतील फ्लेचर व मन्सन ह्यांनीं १९३३ सालीं मोजून दाखविलें कीं, कान खालच्या स्वरांना जन्मतःच मंद असतो. हल्लींच्या प्रमाणांनुसार १००० कंपनांचा स्वर दोन-अडीच डेसिबेलला ऐकूं येऊं लागतो. ४० कंपनांच्या स्वराला त्यासाठीं सुमारें ५१ डेसिबेल लागतात. म्हणून रात्रीं आवाज लहान केला कीं खर्ज प्रथम मरतो. गृहस्थ उठून पेटीचें बटण चढवितात, दुसऱ्या दिवशीं तें उतरविण्याचें विसरतात, आणि सायंकाळीं संबंध घर गडगडूं लागतें. पातळी नेहमींच्या ऐकण्याच्या आवाजावरच ठरवावी, आणि तीहि ओळखीच्या गाण्यावर. काळी एक पट्टींत गाणाऱ्याचा षड्ज सुमारें १३९ कंपनांचा, त्याच्या तंबोऱ्याचा खर्ज सुमारें ६९ चा. म्हणजे आपल्या संगीतांत ह्या पेटीला फार खोल उतरण्याचें काम नाहीं. ती चालू असतांना कोणाच्या लक्षांत येऊं नये, आणि बंद करतांच तंबोऱ्याखालची जमीन काढून घेतल्यासारखें वाटावें, इतकीच ती बोलावी. चित्रपटांचें निराळें, तेथें भूकंप हा भूकंपच वाटावयाचा असतो.

एका पेटीनें सर्व आसनांचें समाधान होत नसेल, तर आणखी मोठी आणण्याऐवजीं दुसरी लहान आणावी. हार्मन कंपनीचे टॉड वेल्टी ह्यांनीं २००२ सालीं चौकोनी खोल्यांचा हिशेब मांडून दाखविलें कीं, समोरासमोरच्या भिंतींच्या मध्यावर दोन पेट्या ठेवल्या, तर निरनिराळ्या आसनांवरील फरक पुष्कळ कमी होतो. चारांच्या पुढें मात्र लाभ नाहीं. दुरुस्त केलेल्या जुन्या पेटीला अशा वेळीं घरांत पुन्हा मानाची जागा मिळते. घुमणारा एखादा स्वर यंत्रांतील समकारकानें कापतां येतो. परंतु जेथें स्वर बुडाला आहे तेथें तो उचलूं पाहणें म्हणजे फुटक्या रांजणांत पाणी ओतणें होय. अॅम्प्लिफायर तापतो, आणि खड्डा तसाच राहतो.

शेजाऱ्यांचा प्रश्न उरतोच. भारत सरकारच्या २००० सालच्या ध्वनिप्रदूषण नियमांत निवासी भागासाठीं रात्रीं १० ते सकाळीं ६ पर्यंत ४५ डेसिबेलची मर्यादा घातलेली आहे. परंतु ती मोजण्याची जी पद्धति आहे, तींत कानाच्या मंदपणाचा हिशेब धरून ४० कंपनांच्या स्वरांतून सुमारें ३५ डेसिबेल वजा केले जातात. मीटर निर्दोष ठरवितो, आणि खालच्या मजल्यावरील आजींच्या खाटेखालीं मात्र रात्रभर धडधड चालू असते. हा ध्वनि हवेंतून जातो तसा पेटीच्या पायांतून फरशींत व फरशींतून भिंतींत उतरतो. हवेंतला सर्वस्वीं थोपवितां येत नाहीं, पायांतला येतो. पेटीखालीं जाड, दाट फोमची किंवा रबराची गादी घालावी, पेटी शेजारच्या घराशीं सामाईक असलेल्या भिंतीपासून दूर ठेवावी, आणि एकदां संच चालू ठेवून, खालीं जाऊन, आजींच्या खोलींत स्वतः दोन मिनिटें बसून पाहावें.